घरच्या घरी विनाइल कटिंग आणि स्टिकर: मुंबईतल्या हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनाइल कटिंग म्हणजे मागे डिंक असलेली रंगीत प्लास्टिकची फिल्म मशीनने हव्या त्या आकारात कापून तिचे स्टिकर करणं. ते शिकायला इंटरनेटवर बसलं की समोर येणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरांचे, कोरड्या हवेतले आणि ऐसपैस गॅरेजमधले असतात. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे, चार महिने पाऊस आहे आणि मशीन ठेवायला डायनिंग टेबलाचा एक कोपरा आहे. त्या व्हिडिओंमध्ये ज्यांची उत्तरं सापडत नाहीत ते प्रश्न इथे आधी घेतले आहेत.

कोपऱ्यावरचा रेडियमवाला पाच मिनिटांत नाव कापून देतो. मग घरी मशीन कशाला?

एकच स्टिकर हवा असेल तर खुशाल त्याच्याकडे जा. त्याचा हात बसलेला असतो, दोन फुटी प्लॉटर (फिल्म कापायचं मशीन) असतो, आणि गाडीवर चिकटवूनही तोच देतो. घरचं मशीन घ्यावं ते अक्षराचं वळण स्वतः ठरवायचं असेल, एकच नाव वेगवेगळ्या आकारांत कापून बघायचं असेल, आईच्या मसाल्याच्या डब्यांवर तिच्याच हस्ताक्षरातलं ‘गोडा मसाला’ उतरवायचं असेल तर. मशीन घेतल्यावरही त्या दुकानाशी ओळख ठेवा. रनिंग फुटावर विनाइल आणि रोलचे उरलेले तुकडे तिथे मिळतात. शिकायला तुकड्यांसारखा माल नाही.

कोणतं मशीन घ्यावं?

हौसेसाठी सिल्हूट कॅमिओ किंवा क्रिकट यांपैकी बारा इंची कोणतंही चालेल. मशीनच्या ताकदीपेक्षा त्याचं सॉफ्टवेअर आधी तपासा. सिल्हूटच्या मोफत आवृत्तीत डीएक्सएफ प्रकारची डिझाइन फाइल उघडते, एसव्हीजी या दुसऱ्या प्रकारासाठी पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. क्रिकटमध्ये एसव्हीजी थेट जाते, पण काम त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून आणि खातं उघडून करावं लागतं. साधा प्लॉटर घेतलात तर हे बंधन कमी, पण सेटिंग सगळं स्वतः शिकायचं.

आणि जागा मोजा. कागद मशीनमधून पुढे-मागे फिरतो, त्यामुळे समोर जितकी मोकळी जागा लागते जवळपास तितकीच मागेही लागते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या मशीनवर लांब डिझाइन अडतं, कागद दुमडतो आणि कट सरकतो. रात्री काम करणार असाल तर खाली जाड रबराचा तुकडा घाला. खालच्या मजल्यावर ऐकू जाते ती बहुधा टेबलाची थरथर.

विनाइलमध्ये इतके प्रकार का? स्वस्तातलं घेतलं तर काय बिघडतं?

दोन मुख्य जाती आहेत. कॅलेंडर्ड विनाइल तापलेल्या रोलरमधून दाबून, ताणून पातळ केलेलं असतं. तो ताण फिल्ममध्ये राहतो आणि ऊन लागलं की ती हळूहळू आकसते. स्टिकरच्या कडेने डिंकाची काळी मळकट रेघ दिसते ती याच आकसण्यामुळे. कास्ट विनाइल पातळ द्रवासारखं ओतून, भाजून तयार करतात. ते ताणलेलंच नसतं म्हणून आकसतही नाही आणि गोलाईवर छान बसतं. महाग असतं हे खरं.

कॅलेंडर्डमध्येही मोनोमेरिक आणि त्याहून जास्त टिकणारं पॉलिमेरिक असे दोन आहेत. मोनोमेरिक सर्वांत स्वस्त, सपाट आणि थोड्या दिवसांच्या कामासाठी. घरातल्या डब्यांना, काचेला, वहीला ते पुरतं. ओराकल ब्रँडचं ६५१ हे हौशी लोकांमध्ये सर्वाधिक चालणारं, पक्क्या डिंकाचं. ६३१ मॅट असतं आणि भिंतीवरून काढता येतं. बाइकच्या टाकीची दुहेरी गोलाई असेल तर कास्टच घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आयुष्य बहुतेक वेळा मध्य युरोपच्या हवामानात, उभ्या पृष्ठभागावर लावलेल्या फिल्मचं असतं. मुंबईच्या उन्हात, बाइकच्या आडव्या टाकीवर तितकं टिकणार नाही, हे धरूनच रंग निवडा. काळा आणि पांढरा जास्त तग धरतात, लाल आणि फ्लुओरोसंट आधी उतरतात.

मराठी नाव कापलं की प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेत चीर पडते. मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक आहे. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो. शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढवलेली असतात, म्हणून पडद्यावर आणि छापील कागदावर रेषा सलग दिसते. कटर मात्र शाई भरत नाही, तो कडा गिरवतो. ‘समीर’ मधल्या ‘स’ ची कड ‘म’ च्या पोटात शिरलेली असते, ती तो इमानदारीने कापतो. कानामात्रा, वेलांटी, रफार सगळीकडे हेच.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उपाय सोपा आहे, आणि ते मोफत आहे. नाव टाइप करा, निवडा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. आता अक्षरांचा गट तयार होतो. तो ‘अनग्रुप’ करा, सगळं निवडा आणि ‘युनियन’ द्या, म्हणजे सगळे तुकडे जुळून एकच आकार होतो. मग डिस्प्ले मोड ‘आउटलाइन’ वर नेऊन नाव मोठं करून पाहा. शिरोरेषेच्या आत एकही आडवीतिडवी रेघ दिसता कामा नये. हे पाहिल्याशिवाय फाइल मशीनकडे पाठवू नका. हाताने जाड केलेल्या रेघा असतील तर युनियनच्या आधी ‘स्ट्रोक टू पाथ’ करा, नाहीतर कटर जाडी विसरून मधली एकच रेघ कापेल.

एवढं केलं की आपल्या लिपीचा एक मोठा फायदा हाती येतो. शिरोरेषेने बहुतेक शब्द एकसंध होतात. इंग्रजीत सात अक्षरांचं नाव म्हणजे सात सुटे तुकडे सांभाळायचे. आपला शब्द एका टोकाला धरला की अख्खा उचलला जातो. सुटं राहतं ते अनुस्वाराचं टिंब, चंद्रबिंदू आणि विसर्ग.

मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं मोडतात. ‘मुक्ता’ लिहिलं की ‘मुक्‌ता’ होतं.

बऱ्याच कटिंग सॉफ्टवेअरना युनिकोड देवनागरीची जोडणी नीट जमत नाही. तिथे टाइप करूच नका. इंकस्केपमध्ये लिहा, पाथ करून घ्या, मग ती फाइल आत आणा. पाथ झाल्यावर ते अक्षर राहत नाही, नुसता आकार असतो, त्यामुळे मोडण्यासारखं काही उरत नाही. शुद्धलेखन मात्र पाथ करण्याआधी तपासा. नंतर ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून.

कोणते फॉन्ट चांगले कापले जातात?

रेघ सगळीकडे साधारण सारख्या जाडीची आणि टोकं गोल असलेले. ‘बालू’ गोलसर आहे, कापल्यावर भोवतीची नको असलेली फिल्म सोलायला सोपा. ‘मुक्ता’ स्वच्छ आणि सरळ, डब्यांच्या लेबलांना उत्तम. ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की अक्षरांमधल्या फटी केसासारख्या उरतात. तो मोठ्या आकारातच कापा, पण मुलांच्या खोलीच्या दारावर त्याच्याइतका शोभणारा दुसरा नाही. हे तिन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले आणि मोफत आहेत. ‘यात्रा वन’ ची प्रेरणा मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांतून घेतलेली आहे. लोकलमध्ये वाढलेल्या माणसाच्या दारावरची पाटी त्यात करून बघा.

बोरूच्या वळणाचे फॉन्ट दिसायला सुरेख, पण त्यांची टोकं सुईसारखी निमुळती असतात आणि सोलताना नेमकी तीच उठतात. टोकं हाताने किंचित बोथट करून घ्या.

अक्षर किती बारीक कापता येतं?

घरच्या मशीनवर रेघेची जाडी एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका आणि अनुस्वाराचं टिंब दीड-दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. याहून बारीक टिंबं ब्लेडच उडवून नेतं. ‘संतोष’ चा ‘सतोष’ झाला तर ते नाव राहत नाही, म्हणून गरज पडल्यास अनुस्वार फॉन्टमधल्यापेक्षा थोडा मोठा करा. डोळ्याला खटकत नाही.

शिवरायांची राजमुद्रा हे याचं सर्वांत अवघड उदाहरण. अष्टकोनात दाटीने बसवलेला संस्कृत मजकूर, त्यात जोडाक्षरं आणि विसर्ग. इंटरनेटवरच्या चित्रावरून थेट ट्रेस केलेल्या फाइलमध्ये अक्षरं एकमेकांत वितळलेली असतात. मजकूर स्वतः टाइप करून अष्टकोनात बसवा, संस्कृत जाणणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या, आणि तळहाताएवढ्या आकाराच्या खाली जाऊ नका. ती मुद्रा चुकीच्या अक्षरांत गाडीवर मिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

ब्लेड किती बाहेर ठेवायचं? कोपरे गोल येतात, किंवा कोपऱ्यावर शेपटी येते.

विनाइलला ४५ अंशांचं ब्लेड लागतं. ६० अंशांचं जाड मालासाठी असतं. टोक होल्डरमधून जेमतेम नखाला जाणवेल इतकंच बाहेर हवं. कट बरोबर आहे का ते मागच्या कागदावरून कळतं. फिल्म सोलल्यावर कागदावर पुसटशी रेघ उमटलेली हवी. पाठीमागून बोटाला उंचवटा लागत असेल तर ब्लेड खोल गेलंय. कागद चिरला की ट्रान्सफरच्या वेळी, म्हणजे टेपवर अक्षरं उचलून जागेवर लावताना, सगळं फाटतं, आणि ब्लेडचं टोकही लवकर मरतं.

ओढत जाणाऱ्या ब्लेडचं टोक त्याच्या मध्यापासून थोडं बाजूला असतं. या अंतराला ऑफसेट म्हणतात. बऱ्याच ब्लेडना तो ०.२५ मिलिमीटर असतो. वर्तुळात चौकोन असा छोटा नमुना प्रत्येक नवीन मालावर आधी कापा. चौकोनाचे कोपरे गोल आले किंवा कोपऱ्यावर शेपटी आली तर ऑफसेट चुकलाय. वर्तुळाची दोन टोकं जुळत नसतील तर ऑफसेट किंवा माल सरकणं, दोन्ही तपासा. रेघेला दाते पडत असतील तर होल्डर उघडा. बहुतेक वेळा आत विनाइलचा कण अडकलेला सापडतो.

नको असलेला भाग सोलताना अक्षरंच निघून येतात.

फिल्म वर उचलू नका. ती स्वतःवर उलटी दुमडून, कागदाला जवळजवळ चिकटून, तिरकी ओढा आणि कोपऱ्याशी थांबा. डिझाइनभोवती एक चौकट कापून घेतली की मोठ्या पत्र्याशी झटापट करावी लागत नाही. शब्दांमध्येही आडव्या रेघा टाका, म्हणजे तुकड्या-तुकड्याने सोलता येतं. एकाच रंगात कटच दिसत नसेल तर थोडी टाल्कम पावडर फिरवून पुसा. चिरांमध्ये पांढरं बसतं आणि रेघ उजळते.

अगदी बारीक मजकुराला उलटं सोलणं जमवा. आधी कशालाही हात न लावता सगळ्यावर ट्रान्सफर टेप दाबून बसवा, पालथं करा, मागचा कागद काढा आणि मग टेपवरून नको ते उचला. टेपची पकड सौम्य असेल तरच हे होतं. साधा ब्राऊन टेप वापरायचा मोह टाळा, त्याचा डिंक विनाइलवर उतरतो.

पावसाळ्यात सगळंच का बिघडतं?

विनाइलला पाणी लागत नाही, कागदाला लागतं. मागचा सिलिकॉन लावलेला कागद दमट हवा शोषून फुगतो, फिल्म तेवढी फुगत नाही, आणि दोघांमध्ये लाटा तयार होतात. मग रोलरखाली माल तिरका जातो आणि ब्लेड कुठे खोल, कुठे उथळ कापतं. कागदी ट्रान्सफर टेपही वळते. जून ते सप्टेंबर पारदर्शक प्लास्टिकची टेप वापरा.

रोल उभे ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, तोंड बांधून. भिंतीला लावून जमिनीवर ठेवू नका, ओल तिथूनच चढते. काम करायच्या दिवशी लागेल तेवढाच तुकडा कापून पंख्याखाली सपाट पसरा आणि लाटा बसल्यावरच मशीनमध्ये घाला.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक. वरळी, वर्सोवा, दादर चौपाटीच्या बाजूच्या खिडक्यांवर आणि गाड्यांवर मिठाचा पातळ थर बसतो. सगळे सांगतात तसं तुम्ही स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता, पण मीठ त्यात जवळपास विरघळतच नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. आधी साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मग स्पिरिट. त्या काचांवरचे स्टिकर कडेने उठायचे थांबलेले मी पाहिले आहेत.

पावसात गाडीवर स्टिकर लावायचा असेल तर छपराखाली लावा, पत्रा ड्रायरने हलका कोमट करून घ्या, आणि लावल्यावर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका. डिंकाची पकड हळूहळू वाढते.

कुठे चिकटतं, कुठे नाही?

काच, स्टील, रंगवलेला पत्रा, पॉलिश केलेलं लाकूड: उत्तम. डिस्टेंपर किंवा चुना लावलेल्या भिंतीवर हात फिरवला की पांढरं लागतं, तिथे विनाइल त्या भुकटीलाच चिकटतं आणि गळून पडतं. दिवाळीआधी नवीन रंग दिलात तर तीन-चार आठवडे तरी थांबा. पोळ्यांच्या प्लास्टिक डब्यांवर निराशाच होईल. पॉलिप्रोपिलीनवर जवळपास कोणताच डिंक नीट धरत नाही. सिलिकॉनचं तर नावच नको.

जेवण लागतं त्या भागावर विनाइल लावू नका. ताटाच्या आत नाही, पेल्याच्या ओठाशी नाही.

मोठी अक्षरं लावताना बुडबुडे आणि तिरकेपणा कसा टाळू?

मध्यावर मास्किंग टेपचा उभा पट्टा लावून डिझाइन जागेवर अडकवा, एक बाजू उचला, कागद काढून कापा, मधून कडेकडे पट्टीने दाबत जा. मग दुसरी बाजू. काचेवर पाण्यात बेबी शाम्पूचे एक-दोन थेंब घालून फवारलंत तर सरकवायला वेळ मिळतो, पण पाणी पूर्ण दाबून काढा आणि टेप काढायची घाई करू नका. भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीवर कधीच लावू नका, डिंक पहिल्या स्पर्शालाच पकडतो. सकाळ उत्तम.

गाडीवर काय चालतं?

नंबर प्लेटला हात लावू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्या उच्च सुरक्षा प्लेट घेऊनच येतात, जुन्यांनाही ती बसवावी लागते. आकड्यांतून ‘दादा’, ‘राम’ काढणं बेकायदा आहे. काचांबाबत, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. मागच्या काचेच्या कोपऱ्यात छोटं नाव वेगळं आणि अख्खी काच झाकणारा वाघ वेगळा. लोकलचे डबे, बसथांबे, पुलाचे खांब यांवर चिकटवणं हौसेत मोडत नाही. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे.

स्टीलच्या डब्यावर कायमचं नाव घालता येईल का?

येतं, आणि विनाइलचा माझा सर्वांत आवडता प्रयोग हाच आहे. भांड्याच्या दुकानात टकटक करत ठिपक्यांनी नाव घालून मिळतं, तेच तुम्ही हव्या त्या अक्षरात घालू शकता.

डबा धुऊन, स्पिरिटने पुसा. नाव कापा, पण या वेळी अक्षरं काढून टाका आणि भोवतीची फिल्म ठेवा. ती बाहेरच्या बाजूला लावा, कडा नखाने घट्ट दाबा, आजूबाजूला टेप लावा. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ. नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. धन टोकाची तार डब्याच्या उघड्या स्टीलला, ऋण टोकाची तार कान साफ करायच्या कापसाच्या काडीला गुंडाळा. काडी मिठाच्या पाण्यात भिजवून उघड्या अक्षरावर टेकवा. बारीक फसफस ऐकू येते, कापूस आधी पिवळट, मग तपकिरी होतो. काडी बदलत, पुसत, अक्षर न् अक्षर फिरा. काही मिनिटांत चकचकीत स्टीलवर मंद, दुधी अक्षरं उमटतात. बुडबुडे येऊनही काही कोरलं जात नसेल तर तारा उलट्या लागल्या आहेत.

काळजी खरोखर घ्या. यात थोडा क्लोरीन वायू निघतो आणि स्टीलमधल्या क्रोमियमची घातक संयुगं तयार होऊ शकतात. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले, लहान मुलं दूर, वापरलेले कापूस पिशवीत बांधून टाकायचे. डब्याच्या आत हा प्रयोग करायचा नाही. नंतर साबणाने स्वच्छ धुवा. घरातल्या विजेच्या प्लगला कोणत्याही परिस्थितीत तार जोडायची नाही, बॅटरीच वापरा.

यात ‘ठ’, ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातले सुटे तुकडे विसरू नका. ट्रान्सफर टेपने ते जागेवर बसतात. रांगोळीचा साचा प्लास्टिकच्या पत्र्यातून कापत असाल तर तिथे चिकटायला काही नसतं, म्हणून त्या पोटांना बारीक पूल ठेवावे लागतात.

गणपतीच्या मखरासाठी वापरता येईल का?

मशीन वापरा, विनाइल नको. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि विनाइल हेही शेवटी पीव्हीसी प्लास्टिकच. हाच कटर चिकट मॅटवर जाड कार्डशीट सुरेख कापतो. जाळीची महिरप, कमळाच्या पाकळ्या, झालर, सगळं कागदात होतं आणि पुढच्या वर्षासाठी घडी करून ठेवता येतं. कार्डशीट अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत मिळते. गणपतीच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसते, आधी जा.

ढोल-ताशा पथकाचे टी-शर्ट?

त्याला उष्णतेने चिकटणारं वेगळं विनाइल लागतं. डिझाइन आरशातल्यासारखं उलटं कापा, साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा सेकंद दाबा, नेमका आकडा मालाच्या वेष्टनावर पाहा. गडद पॉलिस्टरवर पांढरं लावलं तर कापडाचा रंग वर चढून गुलाबी होऊ शकतं, त्यासाठी रंग अडवणारं विनाइल मागा.

ओळखीच्याकडे लेझर कटर आहे. त्यावर पटापट कापू का?

नाही. पीव्हीसी लेझरने जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. फुप्फुसांना अपाय, मशीनलाही गंज. त्याच कारणाने उरलेले तुकडे शेकोटीत टाकू नका.

जुना स्टिकर आणि त्याचा डिंक कसा काढू?

हेअर ड्रायरने कोमट करा, कोपरा नखाने उचला आणि पृष्ठभागालगत, मागे दुमडून सावकाश ओढा. खूप तापवलं की फिल्म च्युइंगगमसारखी तुटते. उरलेल्या डिंकावर निलगिरीचं तेल कापसाने लावून थोडा वेळ थांबा, मग पुसा. स्टीलच्या डब्यांना खोबरेल तेलही पुरतं, फक्त वेळ जास्त लागतो. थिनर गाडीच्या रंगाला, अॅक्रिलिकच्या पाटीला आणि हेल्मेटला लावू नका. हेल्मेटच्या प्लास्टिकला अशा द्रावणांनी डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा जातात. शेवटी साबणाच्या पाण्याने तेलाचा अंश काढा, नाहीतर तिथे नवा स्टिकर धरणार नाही.